कावळ्याने कागद तपासले नाहीत

सहकारनगर, पुणे
६ एप्रिल १९९७

उल्का,

'चि. सौ. उल्का हिस अनेक आशीर्वाद' असं लिहायला बसलो होतो, पण हात पुढे सरेना. म्हणून नुसतीच उल्का. फोनच करणार होतो. पण फोनवर आपण दोघं ओरडतो आणि तिकडे तुझ्या शेजारच्या खोलीतून आई सगळं ऐकते. तेव्हा पत्र.

माझ्या सासरचा, स्मिताचा मामेभाऊ दिलीप, बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे तो, परवा सुट्टीवर आला. फेब्रुवारीत त्याची बोट तुमच्या सिंगापूरला दुरुस्तीला लागली होती. बरोबरच्यांनी त्याला एका हॉटेलात नेलं, म्हणे एक अमेरिकन माणूस तिथे फार हसवतो. दिलीप बिअर घेऊन बसला आणि स्टेजवर आलं कोण, तर आपले जावईबापू श्रीयुत ओस्वाल्दो! तुमच्या लग्नाच्या फोटोत पाहिलेला चेहरा, दिलीपने लगेच ओळखला.

तुझा नवरा पोटासाठी माकडचेष्टा करतो हे मला माहीत होतं. क्यूबात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला, तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठा माणूस उभ्या उभ्या विनोद सांगतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात, हे मी कसंबसं गिळलं होतं. पण त्याने त्या दिवशी काय केलं ठाऊक आहे? आपल्या बाबांचा दहावा केला. स्टेजवर.

गेल्या वर्षी चांगीच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत आपण उभे होतो ते आठव. भटजी मिळेना म्हणून बँकेत कॉम्प्युटर सांभाळणारा प्रबोध पोथी घेऊन आला होता. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. डोक्यावर 'पक्ष्यांना खायला घालू नये' अशी पाटी. ज्या देशात कावळे बंदुकीने मारतात तिथे कावळ्याने माणसांवर भरवसा तरी का ठेवावा! पण मला वाटलं, बाबांची काही इच्छा मागे राहिली असेल. प्रबोध दर्भाचा कावळा करायला निघाला होता. शेवटी मी हात जोडले, जे बोलायचं ते बोललो, आणि कावळा शिवला.

तो क्षण तुझ्या नवऱ्याने दारूच्या टेबलांपुढे मांडला. आधी माझी नक्कल केली, माझ्या आवाजासकट. मग स्वतःच कावळा झाला, उड्या मारल्या, मान वाकडी केली आणि खोटा भात खाल्ला. लोक म्हणे टेबलं बडवत होते.

माझं म्हणणं एवढंच. हा प्रकार ताबडतोब बंद झाला पाहिजे. आणि आपल्या माणसाच्या पिंडावर हसणाऱ्या माणसाबरोबर आईने एका घरात राहावं, हे मला मान्य नाही.

हेमचंद्र


टॅम्पिनीस, सिंगापूर
१७ एप्रिल १९९७

हेमदादा,

नमस्कार गृहीत धर, लिहीत नाही. तुझं पत्र मी ऑफिसातून येताना एमआरटीच्या गाडीत उघडलं. रागाच्या भरात टॅम्पिनीस मागे पडलं तेही कळलं नाही, शेवटच्या स्टेशनावर जाऊन पोचले.

इथे स्टेजवर जे बोलायचं ते आधी टाइप करून सरकारी कचेरीत परवान्यासाठी द्यावं लागतं. कावळ्याचा सगळा प्रसंग ओस्वाल्दोने लिहून दिला होता. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, "खरा कावळा आणणार नाही ना?" परक्या देशाच्या कचेरीला त्यात आक्षेपार्ह काही दिसलं नाही. दिसलं ते तुला. खाई त्याला खवखवे.

तू म्हणतोस त्याने पिंडावर विनोद केला. त्या प्रसंगाचं शेवटचं वाक्य दिलीपने तुला सांगितलं नाही, की सांगितलं आणि तू पत्रात घातलं नाहीस? मी सांगते. कावळा भात खाऊन उडतो आणि ओस्वाल्दो म्हणतो, "या देशात उतरल्यापासून माझे कागद सगळ्यांनी तपासले. माझ्या मेव्हण्याचे कागद मात्र त्या कावळ्याने तपासले नाहीत." लोक हसतात ते त्यावर, हेमदादा. बाबांवर नाही.

'जे बोलायचं ते बोललो' म्हणे! काय बोललास ते का लिहिलं नाहीस? मी शेजारी उभी होते. तू म्हणालास, "बाबा, वर्षाच्या आत आईला माझ्या घरी घेऊन जातो." वर्षश्राद्ध जानेवारीत झालं. आधी तुझ्या घराला रंग द्यायचा होता. मग तुझ्या किमयाची शाळेची अॅडमिशन होती. मग नवा ब्लॉक ताब्यात यायचा होता. आई दर वेळी हो बाबा, हो बाबा म्हणते आणि कपाटातून काढलेल्या साड्या परत आत ठेवते. इथे तिला मी सांभाळते. तू पुण्यात बसून धर्म सांभाळ.

आणि 'माकडचेष्टा' हा शब्द परत लिहू नकोस. ओस्वाल्दो आठ वर्षांचा होता तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला हवानात एकट्याला अमेरिकेच्या विमानात बसवलं. गळ्यात नावाची चिठ्ठी. "दोन आठवड्यांनी मी येतोच," असं म्हणाले. ते कधीच आले नाहीत. पोर अनाथांच्या वसतिगृहात वाढलं, बर्फाच्या गावात, जिथे त्याची भाषा कुणालाच येत नव्हती. पुढे हॉटेलात बशा धुतल्या. तिथल्याच एका क्लबात मालकाने गंमत म्हणून त्याला माइकपुढे ढकललं, तर तो म्हणाला, "माझे बाबा दोन आठवड्यांत येणार होते. माझं घड्याळ हळू चालतं, एवढंच." त्या एका वाक्यावर त्याला काम मिळालं.

मग टीव्ही आला. टीव्हीवाल्यांना त्याचे विनोद नको होते, त्याचे उच्चार हवे होते. तीन वर्षं त्याला तस्कराचं काम दिलं. मायामीत क्यूबा सोडून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, तिथे त्याने आपल्याच लोकांची टिंगल केली. 'पुढचा नाताळ हवानात' म्हणत म्हातारे झालेल्यांची. तर त्यांनी रेडिओवरून त्याला देशद्रोही ठरवलं आणि क्लबांनी दारं लावली. मग बोटींवरचे कार्यक्रम, त्यातून सिंगापूर, आणि इथे मी. न पाळलेल्या वचनांवर हा माणूस वीस वर्षं बोलतोय. तुझं वचन त्याच्यासमोर पडलं, ते त्याने उचललं. तुला मिरच्या झोंबल्या तर त्याचा इलाज नाही.

उल्का


सहकारनगर, पुणे
२ मे १९९७

उल्का,

हो, दिलीपने शेवटचं वाक्य सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर सांगितलं, स्मितासमोर, तिच्या आईसमोर. सगळे आधी हसले आणि मग माझ्याकडे पाहून आपापल्या ताटात बघू लागले. समाधान झालं?

तुझ्या नवऱ्याची कर्मकहाणी वाचली. वाईट वाटलं. पण तुला एक विचारतो, तू ती लिहिताना तुझ्या हाताला जरासुद्धा थांबावंसं वाटलं नाही? १९७८ साली बाबांना सिंगापूरच्या शिपयार्डात नोकरी लागली. तू अकरा वर्षांची होतीस, तुला नेलं. मी सोळा वर्षांचा. 'ह्याचं शिक्षण बिघडायला नको, वर्षभरात जम बसला की घेऊन जाऊ,' असं म्हणून मला शामकांतकाकांकडे ठेवलं. तुम्ही तिघं विमानात बसलात. मी काचेच्या अलीकडे उभा होतो. तू हात हलवत होतीस. आईने वळूनही पाहिलं नाही.

वर्षाची तीन वर्षं झाली, मग मीच विचारणं सोडलं. काका-काकूंनी कधी वाकडा शब्द काढला नाही. पण दुसऱ्याच्या घरात दुसरी पोळी मागताना काय वाटतं ते तुला कळणार नाही, कारण तू कधी मागितलेली नाहीस. तुझ्या नवऱ्याची कीव करायला सगळं जग आहे, कारण तो आठ वर्षांचा होता आणि गळ्यात चिठ्ठी होती. मला मिसरूड फुटलेलं होतं. माझी कीव कुणी करायची? त्यावर विनोद करायचा असतो हेही मला कुणी शिकवलं नाही.

आणि आता तू मला विचारतेस, आईला का नेलं नाहीस! तिला माझ्या घरात कुठे बसवायचं हेच मला कळत नाही. ती तुझी आई आहे. माझ्याशी ती पाहुण्यासारखी बोलते, मीही तिच्याशी पाहुण्यासारखाच बोलतो. पण पुरे झालं. दारूच्या टेबलावर माझं माप काढलं जात असेल तर मीही दाखवतो. सोबत आईचं बावीस जूनचं तिकीट आहे. तिला पाठवून दे. वचन पाळलं असं त्या कावळ्यालाही सांग आणि तुझ्या नवऱ्यालाही.

हेमचंद्र


टॅम्पिनीस
१९ मे १९९७

हेमदादा,

तू जिंकलास. नारळ फोड.

तुझं पत्र मी ओस्वाल्दोला इंग्रजीत वाचून दाखवलं, माझा भाऊ कसा हातघाईवर येतो ते त्याला कळावं म्हणून. काचेपर्यंत आले तेव्हा त्याने मला थांबवलं. "ते पुन्हा वाच," म्हणाला. मी वाचलं. मग त्याने विचारलं, "हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, तो काकांकडे होता, रस्त्यावर नव्हता. त्यावर तो उठून आत निघून गेला. रात्री खालच्या हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या टपऱ्यांवरून, त्याच्या आवडीचा भात आणला, तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने कावळा कार्यक्रमातून काढून टाकला. ऑगस्टमध्ये त्याला हाँगकाँगला बोलावलं होतं, ते त्या कावळ्यासाठीच. टीव्हीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्याच्या स्वतःच्या विनोदासाठी बोलावत होतं. त्यांनी म्हटलं कावळा नाही तर तुमचीही गरज नाही. मी त्याला सांगितलं की तू मूर्ख आहेस. भांडले, दार आपटलं, शेजारची चिनी आंटी बाहेर येऊन म्हणाली, "अय्या, सो लाउड लाह!" तो एवढंच म्हणाला, "मी खोटारड्यावर विनोद केला असं मला वाटलं होतं. मी माझ्यावरच केला होता."

मायामीतल्या शिव्यांना भिऊन या माणसाने कधी एक शब्द मागे घेतला नाही. तुझ्यासाठी घेतला. आणि तू त्याचं नाव लिहितानासुद्धा नाक मुरडतोस.

तिकीट आईला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. नुसतं जायचं तिकीट पाठवलंस, माणसाला असं पाठवत नाहीत, पार्सलाला पाठवतात. तुझा राग शमावा म्हणून मी माझी आई तुझ्या दारात आणून टाकणार नाही. आणि लहानपणी मला नेलं यात माझा काय गुन्हा, ते एकदा सावकाश कळव.

उल्का


सहकारनगर, पुणे
२ जून १९९७

उल्का,

तुझा गुन्हा नव्हता. तो माझाही नव्हता. मग तो कुणाचा होता हे इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणी मोठ्याने विचारलं नाही, आणि बाबा गेले.

विनोद काढून टाका असं मीच लिहिलं होतं. आता काढून टाकल्याचं कळलं तर मला त्याचा आनंद होत नाही, यावरही मी चिडलोय. त्याला हे सांग किंवा सांगू नकोस.

पण तिकीट दडवून ठेवायचा तुला काय अधिकार? यायचं की नाही ते आईला म्हणू दे. तिने नाही म्हटलं तर नाही. फक्त ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे, तुझ्याकडून नाही. बावीस तारखेला मी मुंबईला विमानतळावर असेन.

हेमचंद्र


टॅम्पिनीस
११ जून १९९७

चि. हेम,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते शेवटी घे. आधी ऐक.

काल स्मिताचा फोन आला. म्हणाली, "आई, चतुर्थीला तुम्ही साबुदाणा खाता की वरई?" मी म्हटलं, अगं, तू तिथे, मी इथे, माझ्या उपासाशी तुला काय करायचंय? तेव्हा बिचारीने चाचरत सांगितलं की बावीस तारखेला मी पुण्याला कायमची राहायला येतेय. माझं जायचं ठरलं आणि मलाच पत्ता नाही!

मग तुझ्या बहिणीला समोर बसवली. तिकीट आणि तुझी पत्रं टेबलावर ठेवायला लावली. स्वतः काय काय लिहिलं तेही तिच्याकडून वदवून घेतलं. चष्मा लावून सगळं वाचलं. ओसवालराव मधे चहा ठेवून गेले. मी त्यांना ओसवालरावच म्हणते, मला त्यांचं नाव वळत नाही आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. आता तुम्हा दोघांना काय म्हणायचंय ते म्हणते.

उल्का लिहिते, आईला मी सांभाळते. हे घर माझं आहे. तुझे बाबा गेल्यावर ही दोघं बुकित तिमाह भागातला भाड्याचा फ्लॅट सोडून माझ्याकडे राहायला आली. बाजार मी करते, स्वयंपाक मी करते. ही ऑफिसातून येते आणि 'आई, भूक लागली' म्हणून उभी राहते. कोण कुणाला सांभाळतं ते आमच्या लिफ्टमधल्या कुणालाही विचार. आणि तू म्हणतोस, आईला पाठवून दे. एकाने ठेवायचं, एकाने मागवायचं. तुझे बाबाही असेच सगळं ठरवायचे आणि मग मला सांगायचे. तुम्ही दोघं त्यांचीच मुलं शोभता.

आता त्या कावळ्याचं. तुला वाटतं तुझ्या वचनाने तो शिवला. ओसवालरावांना वाटलं, वचन खोटं असूनही शिवला. दोघांनाही काही ठाऊक नाही. तुम्ही सगळे हात जोडून तोंडाने बोलत होतात तेव्हा मीही मागे उभी राहून बोलत होते, मनातल्या मनात. बायकांना त्या वेळी पुढे कोण बोलावतं?

मी त्यांना म्हणाले, "माझ्या पोराला मागे ठेवलंत. मला विचारलं नाहीत. विमानतळावर मी वळायला लागले तर दंड धरून पुढे नेलंत. 'वळलीस तर त्याला जास्त त्रास होईल,' म्हणालात. वर्षभरात आणू म्हणालात. मी दर वर्षी विचारलं, तुम्ही दर वर्षी पेपर वर धरलात. पोराला नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, आणि मी लग्नाला पाहुणी म्हणून गेले. हे मी विसरलेले नाही. तुम्ही गेलात म्हणून माफही करणार नाही. जायचं असेल तर असेच जा."

एवढं म्हणून होतंय तोवर तो कावळा पाटीवरून उतरला आणि पिंडाला शिवला.

माझ्या बोलण्यानेच शिवला असं मी म्हणत नाही. त्याला भूकही लागली असेल. पण त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली आणि हे मी एकदाही तोंडावर बोलले नव्हते. त्यांचं तेवढंच ऐकायचं राहिलं होतं, असं मला वाटतं. घरी आल्यावर मी जेवले. दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. उल्काला वाटलं, तुझ्या वचनाने माझा जीव निवला.

काल हे सगळं ओसवालरावांना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. माझ्यासमोर बसून त्यांनी विचारलं, "आई, हे मी स्टेजवर बोलू?" त्यांचं कामच ते आहे, विचारलं हेही पुष्कळ. मी नको म्हणाले. हे हसायचं नाही म्हणून नव्हे. हे आधी तुला कळायला हवं होतं म्हणून. तू वाच, आणि मग तू त्यांना हो म्हण की नाही म्हण. तेवढा अधिकार तुझा.

तुझं तिकीट सोबत परत पाठवतेय. त्याच दिवसाचं, त्याच विमानाचं मी माझं काढलंय, जाऊन-येऊन. कुठे राहायचं ते मी पुण्याला आल्यावर बघेन, आणि मीच बघेन. तुमच्यापैकी कुणी कुणाला वचन देऊ नका, मला ऐकायचं नाही.

पण मी राहायला म्हणून येत नाहीये, हेम. मी भांडायला येतेय. एकोणीस वर्षं तू मला महिन्याच्या महिन्याला पत्र लिहितोस. तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार, इकडे सर्व खुशाल, पाऊस बरा आहे. एकदा तरी रागावून लिहिलंस? एकदा तरी विचारलंस, आई, वळून का पाहिलं नाहीस? सगळा राग बहिणीला धाडलास आणि मला नुसते नमस्कार. ही बारा-तेरा पानं वाचताना मला किती वाईट वाटलं आणि तरी तिचा किती हेवा वाटला, ते तुला काय सांगू! पोरगं घरच्याच माणसावर ओरडतं. पाहुण्यावर कोण ओरडतं?

तेव्हा बावीस तारखेला विमानतळावर ये, पण हार आणू नकोस आणि पाया पडायला वाकू नकोस. स्मिताला, किमयाला घरी ठेव. माझी बॅग खाली ठेव आणि जे काय बोलायचंय ते तिथेच, लोकांदेखत, वरच्या पट्टीत बोल. मी उभी राहून सगळं ऐकेन.

आशीर्वाद.

आई